पायात स्टेंट बसवला, पुढे काय?



आम्ही भडगावच्या. दोन बहिणी आणि आमची वहिनी, अशा तिघी. आज बोलतेय एकजण, पण शब्द तिघींचे आहेत. आमच्यात डॉक्टर कोणी नाही, नर्सही नाही. आमच्या मायच्या एका पायामागे आम्ही तीन वर्षं धावलो. त्यात जे भोगलं आणि डॉक्टरांना पुन्हा पुन्हा विचारून जे समजून घेतलं, ते सांगायला आलो आहोत.

आखाजी जवळ आली आहे. तुमच्यातल्या कितीतरी जणी माहेरी जातील, झोके बांधले जातील, गौराईची गाणी होतील. माहेरी गेल्यावर झोक्यावर बसायच्या आधी एक काम करायचं आहे. ते कोणतं, ते शेवटी सांगतो.

आमची माय केळीच्या बागेत राबलेली बाई. कापूस वेचायलाही जायची. बारा वर्षांपासून साखरेची गोळी चालू, आणि मिसरी, म्हणजे मशेरी, लग्नाआधीपासूनची. बाजारातून घरी येताना ती तीन ठिकाणी थांबायची. एका ओट्यावर बसायची, तिथल्या बाईशी दोन शब्द बोलायची, उठायची. पुढे पुन्हा थांबायची. आम्ही हसायचो. म्हणायचो, मायला गावभर गप्पा मारायची सवय लागली. ती गप्पांसाठी थांबत नव्हती. तिची पोटरी भरून यायची, दगडासारखी व्हायची, पाऊल पुढे टाकवत नसे. पाच मिनिटं बसली की कळ जायची, मग पुन्हा शंभर पावलं. विचारलं की म्हणायची, "काही नही व्हयनं माले." बायकांचं दुखणं असंच लपतं, कारण लपवणारीही तीच असते.

आम्हीही तिचं ऐकलं. वात आहे म्हणून तेल लावलं, गुडघा आहे म्हणून बाम लावला, कॅल्शियमच्या गोळ्या आणल्या. वर्ष असंच गेलं. मग रात्रीची कळ सुरू झाली. माय खाटेवरून पाय खाली लोंबता ठेवून बसल्या बसल्या झोपायची, कारण आडवं झालं की पाय ठणकायचा. आम्हाला वाटायचं, उकाडा होतो म्हणून बसली असेल. शेवटी एका हिवाळ्यात पायातलं जोडवं घट्ट होऊन बोटाला जखम झाली. ती भरेना. बोट जांभळं झालं, मग काळं पडलं.

पहिल्यांदा ज्या मोठ्या दवाखान्यात गेलो, तिथे सांगितलं की गुडघ्याखालून पाय काढावा लागेल. आमच्या भावाने सहीसाठी पेन हातातही घेतलं होतं. वहिनी म्हणाली, "दोन दिवस थांबा, अजून एका डॉक्टरला दाखवू." तिच्या त्या एका वाक्यामुळे आज माय दोन पायांवर चालते आहे.

दुसऱ्या डॉक्टरांनी आधी पायाची नाडी पाहिली. मैत्रिणींनो, नाडी फक्त मनगटाला नसते. पावलाच्या वरच्या बाजूला, अंगठ्याच्या रेषेत थोडं वर एक नाडी लागते. आतल्या घोट्याच्या मागे दुसरी लागते. मायच्या डाव्या पायाला दोन्ही लागल्या नाहीत. मग त्यांनी दंडाचं ब्लड प्रेशर घेतलं आणि छोट्या डॉप्लर यंत्राने घोट्याचं घेतलं. घोट्याच्या आकड्याला दंडाच्या आकड्याने भागतात. निरोगी माणसात उत्तर १ च्या आसपास येतं. ०.९ किंवा त्याहून कमी आलं, तर पायाची रक्तवाहिनी अरुंद झाली आहे असं समजायचं. मायचं ०.४ आलं. या तपासणीत सुई नाही, चिरा नाही. फक्त एक लक्षात ठेवा. जुना मधुमेह असेल तर रक्तवाहिन्या कडक होतात आणि हा आकडा फसवा, म्हणजे उगाच चांगला येऊ शकतो. तेव्हा पायाच्या बोटाचं प्रेशर किंवा डॉप्लर सोनोग्राफी करावी लागते.

आता हा रोग काय, ते आपल्या शेतातल्या भाषेत सांगतो. आपल्याकडे केळीला ठिबक असतं. मेन लाईन, मग सबमेन, मग लॅटरल आणि शेवटी ड्रीपर. पाण्यात क्षार असले की नळीच्या आत थर बसतो, आणि शेवटच्या झाडापर्यंत पाणी पोचत नाही. पान पिवळं पडतं ते टोकाच्या झाडाचं, पण चोक मागे कुठेतरी असतो. पायाचंही तसंच. पोटातून येणारी मोठी रक्तवाहिनी बेंबीजवळ दोन फाटे होऊन जांघेकडे जाते. पुढे ती मांडीतून, गुडघ्यामागून जाऊन पोटरीत तीन बारीक वाहिन्यांत वाटली जाते. चरबी आणि चुन्याचा थर कुठेही बसू शकतो. आपल्याला दिसतं मात्र काळं पडलेलं बोट.

हा चोक काढायचा एक मार्ग म्हणजे अँजिओप्लास्टी. जांघेतून बारीक तार आत घालतात, अरुंद जागी फुगा फुगवतात, आणि गरज असेल तिथे स्टेंट, म्हणजे धातूच्या जाळीची नळी, बसवतात. बहुतेक वेळा पूर्ण भूल लागत नाही. आपल्याला ही गोष्ट हृदयाची म्हणून माहीत आहे, पण हिची सुरुवात पायापासून झाली. १६ जानेवारी १९६४ रोजी अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात चार्ल्स डॉटर नावाच्या डॉक्टरांनी एका ८२ वर्षांच्या बाईच्या मांडीची अरुंद रक्तवाहिनी नळ्या घालून रुंद केली. तिच्या पायाला गँगरीन होतं. सर्जन पाय कापा म्हणत होते, आणि ती नाही म्हणत होती. त्या उपचाराने तिचा पाय वाचला, आणि पुढे दोन वर्षांहून जास्त काळ, मरेपर्यंत, ती स्वतःच्या पायांवर चालली. मग १९७४ मध्ये झुरिचला आंद्रेयास ग्रुंट्झिग यांनी पायासाठी फुगा वापरला, आणि १९७७ मध्ये तोच फुगा हृदयापर्यंत नेला. डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा माय म्हणाली, "म्हणजे म्हाताऱ्या बाईच्या हट्टानेच झालं हे."

मायच्या अँजिओग्राफीत दोन चोक निघाले. एक पोटाखाली जांघेच्या वर, दुसरा मांडीत. दोन्ही ठिकाणी स्टेंट बसवले. त्या रात्री माय पाय पसरून झोपली. चार महिन्यांत पहिल्यांदा. आम्ही तिघी जागून तिच्याकडे बघत होतो. काळं बोट मात्र काढावं लागलं. त्याची जखम भरायला तीन महिने लागले, पण भरली. पूर्वी तिथे रक्तच पोचत नव्हतं, म्हणून कुठलंही मलम लागू पडत नव्हतं.

आम्ही पेढे वाटले. सगळ्यांना सांगितलं, आता पाय नवा झाला. इथेच आमची चूक झाली.

दहा महिन्यांनी मायची पोटरी पुन्हा भरून यायला लागली. डॉप्लर केलं. जांघेवरचा स्टेंट छान उघडा होता, मांडीतला अरुंद झाला होता. आम्हाला राग आला. डॉक्टरांना विचारलं, स्टेंट बसवला होता ना, मग? त्यांनी आम्हाला बसवून घेतलं आणि सगळं नीट सांगितलं. तेच आज तुम्हाला सांगायचं आहे, कारण बसवायच्या आधी हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं आणि आम्हीही विचारलं नव्हतं.

स्टेंट किती टिकतो, हे तो कुठे बसवला यावर ठरतं. पायाचे तीन भाग समजा.

पहिला भाग, जांघेच्या वरचा. ही वाहिनी रुंद असते, साधारण करंगळीएवढी. रक्ताचा जोर मोठा आणि चालताना तिथे फार वाकणं नाही. इथला स्टेंट सगळ्यांत चांगला टिकतो. पाच वर्षांनंतरही बहुतेकांचा उघडा असतो.

दुसरा भाग, मांडीचा. ही वाहिनी लांब आणि बारीक. आपण मांडी घालून बसतो, उकिडवं बसून भांडी घासतो, जिना चढतो. दर वेळी ती वाकते, पिळली जाते, दबते. म्हणून इथे निकेल आणि टायटॅनियमच्या मिश्रधातूची, दाबली तरी पुन्हा उमलणारी जाळी वापरतात. तरीही जाळीच्या आत आपल्याच शरीराचं अस्तर वाढतं आणि वाट पुन्हा अरुंद होते. हे जास्त करून पहिल्या वर्षात होतं. व्हिएन्ना शहरातल्या १०४ रुग्णांचा एक अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षभराने पाहिलं, तर ज्यांना मुख्यतः फुग्यावर ठेवलं होतं त्यांच्यापैकी १०० मागे ६३ जणांची वाहिनी पुन्हा अरुंद झाली होती. स्टेंटवाल्यांत ३७ जणांची. म्हणजे स्टेंट फुग्यापेक्षा बराच चांगला, पण १०० मधले ३७ थोडे नव्हेत. पुढे औषध लावलेले स्टेंट आले. अशा एका स्टेंटच्या मोठ्या अभ्यासात पाच वर्षांनी १०० मधल्या ६६ जणांची वाहिनी उघडी होती, नेहमीच्या उपचारात ४३ जणांची. सुधारणा आहे, कायमची हमी नाही.

तिसरा भाग, गुडघ्याखालचा. इथल्या वाहिन्या दोन-तीन मिलिमीटरच्या. इथे सहसा फुग्यावरच भागवतात, स्टेंट क्वचित. त्या काही महिन्यांत पुन्हा अरुंद होऊ शकतात. मग उपयोग काय? जखम भरेपर्यंत रक्त पोचलं तरी पाय वाचतो. पुढे वाहिनी पुन्हा अरुंद झाली तरी भरलेल्या कातडीला तेवढं रक्त लागत नाही. म्हणून इथे यश वाहिनीवरून मोजत नाहीत. जखम भरली का आणि पाय राहिला का, हे पाहतात.

आता मायचा मांडीतला स्टेंट अरुंद का झाला? थोडं नशीब, थोडी आमची चूक. रक्त पातळ ठेवायच्या दोन गोळ्या दिल्या होत्या, त्यातली एक काही महिने आणि एक कायमची. कोलेस्टेरॉलची गोळीही कायमची होती. सहाव्या महिन्यात एक नातेवाईक म्हणाले, "आता बरी आहे ना, किती गोळ्या खाऊ घालता?" आम्ही हळूहळू सगळ्याच बंद केल्या. आणि माय? कणगीमागे डबी लपवून मिसरी लावत होती. डॉक्टर म्हणाले, "ताई, तुम्ही ठिबकचा एक चोक काढला, पण विहिरीचं पाणी खारटच ठेवलं. मग दुसरीकडे थर बसणारच." स्टेंट एक जागा उघडतो, रोग सगळ्या अंगात असतो. पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद असलेल्या माणसाला पायापेक्षा हार्ट अटॅक आणि पॅरालिसिसचा धोका मोठा. म्हणून त्या गोळ्या स्टेंटसाठी असतात, तशाच हृदयासाठी आणि मेंदूसाठीही असतात.

या वेळी आम्ही लवकर गेलो होतो, वाहिनी पूर्ण बंद झाली नव्हती. पुन्हा फुगा घालून ती उघडता आली. त्याला आता वर्ष उलटून गेलं. गोळ्यांचा डबा वहिनीच्या ताब्यात आहे आणि मिसरीची डबी मायने स्वतः चुलीत टाकली. पहिले पंधरा दिवस ती आमच्याशी बोलली नाही, पण सुटली.

तंबाखूचं आणखी एक सांगतो. विडी हा पायाच्या रक्तवाहिन्यांचा सगळ्यांत मोठा शत्रू. चाळिशीच्या आतल्या विडी ओढणाऱ्या पुरुषांत बर्जर नावाचा वेगळा आजार होतो. त्यात हातापायाच्या अगदी बारीक वाहिन्या बंद होतात. तिथे स्टेंट घालायला जागाच नसते. तंबाखू पूर्ण सोडणं हेच त्याचं खरं औषध. सोडली तर पाय सहसा वाचतो, चालू ठेवली तर एकेक बोट जात राहतं. तुमच्या भावाला, नवऱ्याला हे सांगा.

आता एक प्रश्न तुमच्या मनात येईल. चालताना पोटरी दुखते, मग लगेच स्टेंट घालायचा का? नाही. जखम नसेल, रात्रीची कळ नसेल, फक्त चालताना दुखत असेल, तर आधी गोळ्या, तंबाखू बंद आणि चालण्याचा व्यायाम. दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, कळ गेली की पुन्हा चालायचं. असं अर्धा-पाऊण तास, आठवड्यातून तीन दिवस तरी, निदान तीन महिने. अमेरिकेत १११ जणांवर झालेल्या आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जांघेवरच्या चोकसाठी स्टेंट आणि देखरेखीखालचा व्यायाम यांची तुलना केली. सहा महिन्यांनी व्यायामवाल्यांची चालण्याची ताकद स्टेंटवाल्यांपेक्षाही जास्त वाढली होती. नुसत्या चालताना दुखणाऱ्या माणसांपैकी फार थोड्यांचा पाय कापावा लागतो. व्यायाम करूनही कामधंदा होत नसेल, तेव्हा स्टेंटचा विचार करायचा. पण जखम असेल, बोट काळं पडत असेल, रात्री झोप येत नसेल, तर व्यायामाची वाट बघू नका. तिथे दिवस मोजायचे असतात.

आणि पाय अचानक थंडगार, पांढरा पडला, बधिर झाला, हलेनासा झाला, तर तो तासांचा खेळ आहे. साधारण सहा तासांत रक्त सुरू झालं नाही तर पाय हातचा जातो. तेव्हा शेक नको, मालिश नको. गाडी काढा आणि मोठ्या दवाखान्यात न्या.

स्टेंट हा एकच मार्गही नाही. पायाचीच शीर काढून चोकच्या पुढे जोडतात, त्याला बायपास म्हणतात. २०२२ मध्ये १,८३० रुग्णांचा मोठा अभ्यास आला. पाय धोक्यात असलेल्या ज्या रुग्णांची स्वतःची शीर चांगली होती, त्यांच्यात बायपासचा परिणाम सरस निघाला. पुढच्याच वर्षी मुख्यतः ब्रिटनमधल्या ३४५ रुग्णांच्या अभ्यासात, गुडघ्याखालच्या आजारात, आधी फुगा-स्टेंट केलेल्यांचं बरं झालं. म्हणजे सगळ्यांना एकच उत्तर नाही. वय, हृदय, शीर, चोकची जागा आणि लांबी पाहून ठरवायचं. म्हणून शक्य असेल तर रक्तवाहिन्यांच्या सर्जनचं मत घ्या.

आमच्या चुकांतून तयार झालेले प्रश्न देतो. कागदावर लिहून ठेवा आणि डॉक्टरांना विचारा. पाय कापा म्हणत असतील तर विचारा, अँजिओग्राफी किंवा डॉप्लर करून रक्त पोचवता येतं का ते पाहिलं आहे का? स्टेंट म्हणत असतील तर विचारा, चोक तिन्हीपैकी कुठल्या भागात आहे? फुग्यावर भागेल का? बायपास होऊ शकतो का? नंतर कोणती गोळी किती महिने आणि कोणती कायमची? पुढचं डॉप्लर कधी? अँजिओग्राफीच्या औषधाचा किडनीवर ताण येतो, म्हणून आधी क्रिएटिनिन तपासलं का, आणि साखरेची गोळी थांबवायची का, हेही विचारा. घरी आल्यावर जांघेत गाठ आली, रक्त आलं, तर लगेच कळवा.

पैशांचंही बोलू. महाराष्ट्रात आरोग्याची जी योजना २ जुलै २०१२ रोजी आपल्या शेजारच्या धुळ्यासह आठ जिल्ह्यांत सुरू झाली, तीच आज महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. भरती होण्याआधीच रेशन कार्ड आणि आधार घेऊन त्याला भेटा. हा उपचार, हा स्टेंट, या रुग्णालयात योजनेत बसतो का, ते विचारून घ्या. मदतीचा नंबर १५५३८८. आणि एक गैरसमज नको. २०१७ मध्ये सरकारने स्टेंटच्या किमतीला मर्यादा घातली, ती हृदयाच्या स्टेंटची. पायाच्या स्टेंटचा दर वेगळा असतो, तो आधी विचारा आणि बिलावर लिहून घ्या.

शेवटी घरातली काळजी. साखर असलेल्या माणसाने शेतात अनवाणी जायचं नाही. आपल्याकडून चैत्रात सप्तशृंगी गडावर पायी जाणारे खूप. देवी सगळ्यांची आहे, पण तापल्या डांबरावर बधिर पाय भाजला तर त्या माणसाला कळतही नाही. ज्याच्या पायाची नाडी लागत नाही, त्याने गाडीने जावं, देवी रागावणार नाही. गरम पाण्याची पिशवी पायाला लावू नका. भेगा ब्लेडने कापू नका. जोडवी बोटात रुतत असतील तर काढून ठेवा. माय जोडवं काढायला तयार नव्हती, सवाष्णीचं लेणं म्हणायची. आता स्वतःच शेजारणींना सांगते, "जोडवं नंतर घालता येईल, बोट आणता येणार नाही."

आता ते काम. आखाजीला माहेरी जाल तेव्हा आई-वडिलांना खाटेवर बसवा आणि त्यांचे पाय हातात घ्या. एक पाय दुसऱ्यापेक्षा थंड आहे का? पोटरीवरचे केस गेले आहेत, कातडी चकचकीत झाली आहे का? बोटांच्या मध्ये जखम आहे का? पावलावरची नाडी लागते का? आणि विचारा, "चालताना मधेच थांबावं लागतं का?" त्या म्हणतील, काही नाही झालं. त्यावर विश्वास ठेवू नका. दुसऱ्या दिवशी त्यांच्यासोबत बाजारापर्यंत चालत जा आणि मोजा, त्या किती वेळा थांबतात.

आमची माय आता रोज सकाळी गिरणेच्या बाजूने चालायला जाते. अजूनही एकदा थांबते, कारण पाय नवा झालेला नाही, सांभाळून चालवलेला आहे. पण आता ती थांबली की आम्ही हसत नाही. सोबत उभ्या राहतो, कळ जाईपर्यंत. मग पुढे चालतो.